नाशिकच्या उद्योजक संघटनांना आणि उद्योग खात्याला खुलं पत्र: क्लस्टरची शेड नंतर, आधी कारागीर टिकवा

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील उद्योजक संघटनांचे पदाधिकारी,
जिल्हा उद्योग केंद्र आणि एमआयडीसीचे अधिकारी,
तसेच उद्योग धोरण ठरवणारे मंत्रालयातील सर्व संबंधित

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, सरकारी विमान कंपनी) च्या जोडणी-लाइनवरून तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं आणि 'एरोस्पेस क्लस्टर', म्हणजे विमान उद्योगाच्या एकमेकांना पूरक कारखान्यांचा एका भागातला समूह, हा विषय पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला. जागा कुठे, किती एकर, सबसिडी किती टक्के, परदेशातून कोण येणार, अशी चर्चा मी इथून वाचतो आणि गावाकडच्या मित्रांकडून ऐकतो. सातपूरमध्ये मी काम शिकलो. आता पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, झेशुफ शहरात, विमानांच्या इंजिनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. तुम्ही ज्याचा विचार करताय ते या भागाने गेल्या तीस वर्षांत करून पाहिलंय. त्यातलं काही साधलं, काही फसलं. ते तुमच्यासमोर मांडावं म्हणून हे पत्र.

झेशुफपासून तासाभराच्या अंतरावर म्येलेत्स नावाचं गाव आहे, जेमतेम साठ हजार वस्तीचं. १९३६ मध्ये पोलंडचे उपपंतप्रधान एउगेनिउश क्वियात्कोव्स्की यांनी 'मध्यवर्ती औद्योगिक प्रदेशा'ची योजना आणली. व्हिस्तुला आणि सान नद्यांच्या आसपासच्या गरीब मुलखात शेती तुकड्यातुकड्यांची होती आणि तिच्यावर घर चालत नव्हतं. तिथे पोलाद, शस्त्रं आणि विमानांचे कारखाने उभारायचे, अशी ती योजना. झेशुफला इंजिनांचा कारखाना आला, म्येलेत्सला विमानांचा. ओझर पाहिलेल्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. शेतीच्या मुलखात सरकारने आणलेला कारखाना, भोवती कॉलनी, शाळा, आणि कारखान्यात चिकटलेल्या पोराच्या लग्नाची आईबापांना चिंता नाही.

महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत म्येलेत्सने आधी परवान्यावर मिग-१५ बनवली. १९६० पासून अँतोनोव्ह-२ हे दोन पंखांचं मजबूत विमान घेतलं आणि त्याची अकरा हजारांहून अधिक नगं बनवली. बहुतेक सगळी सोव्हिएत संघाला गेली. आपल्या हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी ज्या इस्क्रा जेट विमानांवर धडे गिरवले, ती म्येलेत्सचीच. ओझरचा मिगचा कारखाना १९६४ चा. दोन्ही गावांची गिऱ्हाइकं सरकारी आणि दोन्हीकडचं तंत्रज्ञान मॉस्कोच्या वाटेने आलेलं.

मग १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली. १ जानेवारी १९९० पासून पोलंडने बाजाराचे दरवाजे एकदम उघडले. १९९१ च्या सुरुवातीपासून पूर्वेकडच्या देशांमधला आपसातला व्यापार डॉलरमध्ये करायचा ठरला, आणि डॉलर कुणाकडेच नव्हते. त्याच वर्षी त्यांची व्यापारी संघटना बरखास्त झाली आणि वर्षाअखेर सोव्हिएत संघही विरला. म्येलेत्सचं गिऱ्हाईकच नकाशावरून गेलं. ऐन भरात सुमारे वीस हजार माणसं तिथे कामाला होती. कारखाना बंद पडतो तेव्हा अशा गावात दुसरं काय उरतं, हे गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. १९९३ च्या अखेरीस पोलंडची बेकारी सोळा टक्क्यांवर गेली. चार वर्षांपूर्वी त्या देशात बेकारी मोजायचीही गरज नव्हती.

यानंतर काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे या गोष्टीचा अर्धाच भाग पोचलाय. सगळ्यांना माहीत असतं ते एवढंच, की पोलंडने १९९४ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला, १९९५ मध्ये देशातलं पहिलं क्षेत्र म्येलेत्सला झालं आणि गाव सावरलं. आयर्लंडच्या शॅननचा नमुना समोर होता. कारखान्याच्याच मोकळ्या जमिनीवर प्लॉट पाडले. ठरावीक गुंतवणूक किंवा रोजगार देणाऱ्याला पहिली दहा वर्षं आयकर पूर्ण माफ, पुढे निम्मा. कंपन्या आल्या आणि नोकऱ्याही आल्या, हे खरं आहे.

पण आलेल्या कंपन्या विमानांच्या नव्हत्या. फर्निचर, लाकडी बोर्ड आणि मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या होत्या. गावाला पगार मिळाला, ही मोठीच गोष्ट, मी ती कमी लेखत नाही. पण पंख जोडणाऱ्या माणसाला तिथे पंख जोडण्याचं काम नव्हतं. पुढे त्यातल्याच बोर्डाच्या एका कारखान्याच्या धुराविरुद्ध गावकऱ्यांना मोर्चे काढावे लागले. करमाफीने कारखाने आले, पण त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. शेजारी शेजारी शेड असल्याने क्लस्टर होत नाही, हे म्येलेत्सने पहिल्या पाच-सहा वर्षांतच दाखवून दिलं.

विमानाचं काम वाचलं ते वेगळ्या कारणाने. मूळ कंपनी १९९० च्या दशकाअखेर कर्जात बुडाली, तेव्हा विमानबांधणीचा गाभा बाजूला काढून नवी कंपनी केली आणि ती सरकारच्या औद्योगिक विकास संस्थेच्या ताब्यात ठेवली. माणसं कमी झाली, पण जिग (भाग जागच्या जागी धरून ठेवणारे साचे) राहिले, ड्रॉइंगं राहिली, रिव्हेट मारणारे आणि तपासणारे कारागीर राहिले. नफा होत नव्हता आणि वॉर्सातल्या अर्थखात्याला ते ओझं वाटत असणार. २००७ मध्ये अमेरिकेच्या सिकोर्स्कीने तो कारखाना घेतला आणि तिथे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर बनू लागलं. सिकोर्स्की आली ती काम येणाऱ्या लोकांसाठी. करमाफी तर तोपर्यंत पोलंडच्या चौदा क्षेत्रांमध्ये मिळत होती. मधल्या वर्षांत तो गाभा भंगारात काढला असता, तर २००७ मध्ये विकायला फक्त जमीन उरली असती. मुंबईच्या गिरण्यांचं आपण तेच केलं.

झेशुफचा इंजिनांचा कारखाना त्याआधी, २००२ मध्ये, प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन इंजिन कंपनीच्या मूळ कंपनीकडे गेला होता. पुढच्याच वर्षी त्या कारखान्याचे प्रमुख मारेक दारेत्स्की यांनी पुढाकार घेऊन 'दोलिना लोत्निचा', म्हणजे विमान उद्योगाचं खोरं, ही संघटना काढली. सुरुवातीला दीड डझन सदस्य होते, आज दीडशेहून जास्त आहेत. तुम्ही सगळे संघटना चालवता, म्हणून ही गोष्ट नीट पाहा. ही संघटना सरकारी अधिकाऱ्याने काढलेली नव्हती, अनुदानाच्या अर्जासाठी तर नव्हतीच. पोलंड युरोपीय संघात गेला २००४ मध्ये, आणि क्लस्टरांसाठीचा युरोपचा मोठा पैसा त्याच्याही नंतर आला. प्रमुख होता तो माल विकत घेणारा माणूस. त्याला जवळ पुरवठादार हवे होते, वेळेवर आणि बिनचूक भाग हवे होते, मशीनवर उभे राहणारे तरुण हवे होते. या गरजेच्या पोटी तो लहान शॉपवाल्यांच्या, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांच्या, दारात गेला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लहान माणूस मोठ्याच्या दारात हेलपाटे घालतो.

अशा एका लहान शॉपचं काम मी नेहमी तपासतो. मालक पूर्वी इंजिन कारखान्यात सेटर, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारा कारागीर, होता. घरामागच्या जागेत त्याने दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीन) टाकल्या, नंतर पाच अक्षांची तिसरी घेतली. त्याचा एक जॉब घ्या. निकेलच्या मिश्रधातूची तळहाताएवढी रिंग आहे, इंजिनच्या गरम भागात बसणारी. टर्निंग त्याच्याकडे होतं, मिलिंग त्याच्याकडे, बर (कापल्यावर कडेला राहणारा धातूचा खरखरीत भाग) काढणं त्याची बायको आणि मेहुणा हाताने करतात, भिंगाखाली. इथवर सातपूर-अंबडचा कुठलाही चांगला शॉपवाला करू शकेल, आणि मी हे पोकळ अभिमानाने म्हणत नाही, दोन्हीकडचं काम हातात घेऊन पाहिलंय.

खरी अडचण त्यापुढे आहे. रिंगेला हीट ट्रीटमेंट, म्हणजे भट्टीत ठरावीक तापमानाची प्रक्रिया, लागते. मग झिरपणारा रंग लावून अतिनील दिव्याखाली केसाएवढी भेगही शोधायची. मग कोटिंग. या तिन्ही प्रक्रियांना नॅडकॅपसारखं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. ते एकट्या लहान शॉपच्या आवाक्याबाहेरचं असतं, कारण तपासनीसाच्या खर्चापासून भट्टीच्या तापमानाच्या नोंदींपर्यंत सगळं वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. ही सोय अर्ध्या तासाच्या अंतरावर असेल तर रिंग जाऊन दोन दिवसांत परत येते. चूक सापडली तर मालक स्वतः गाडी काढून तिथे जातो, भट्टीवाल्याशी बोलतो आणि दुसरी बॅच वाचते. सोय सातशे किलोमीटरवर असेल तर माल ट्रकमध्ये, पैसा अडकलेला, आणि रिजेक्शन कुणाचं यावर महिनाभर ईमेल. क्लस्टर असेल तर तो या अर्ध्या तासात असतो. बोर्डावर आणि उद्घाटनाच्या कोनशिलेवर त्याचा पत्ता लागत नाही.

सामायिक सुविधा केंद्राच्या योजना आपल्याकडे आहेत, केंद्राच्या आहेत आणि राज्याच्याही. वाळूजला, पिंपरी-चिंचवडला, कोल्हापूरला त्यातून कामं उभी राहिली. म्हणून माझी पहिली विनंती आहे. नाशिकच्या केंद्रात पुन्हा तीच मशीन घेऊ नका जी सदस्यांकडे आधीच आहेत. पैसा अशा ठिकाणी घाला जिथे एकट्याचं काम अडतं: प्रमाणित हीट ट्रीटमेंट, भेगा शोधणारी तपासणी, पृष्ठप्रक्रिया, कॅलिब्रेशन. त्याआधी संघटनेने एक साधं काम करावं. जिल्ह्यातल्या शॉपमधून कोणत्या प्रक्रियेसाठी किती माल जिल्ह्याबाहेर जातो आणि किती दिवसांनी परत येतो, हे प्रत्येकाकडून लिहून घ्यावं. ती यादी हाच तुमचा प्रकल्प अहवाल. सल्लागाराला त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

दुसरी गोष्ट शिक्षणाची, आणि तिची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. पोलंडने १९९९ मध्ये शाळांची रचना बदलली, तेव्हा सगळ्यांचा ओढा सामान्य शिक्षणाकडे वळला आणि व्यवसाय शिक्षणाच्या शाळा ओस पडल्या. दहा वर्षांत पदवीधर भरपूर झाले, मशीन सेट करणारा मिळेना. जे हुशार होते ते २००४ नंतर इंग्लंड-आयर्लंडला गेले. तेव्हा दोलिना लोत्निचाच्या कंपन्यांनी तंत्रशाळांशी जोडणी केली. अभ्यासक्रम शॉपमध्ये बसून लिहिला, सीएनसी ऑपरेटरचं प्रशिक्षण एकत्र चालवलं, आणि मुलांचा सराव शाळेच्या जुन्या लेथऐवजी प्रत्यक्ष कामाच्या मशीनवर सुरू केला. लहान मुलांसाठीही त्यांनी विज्ञानाचे वर्ग सुरू केले. झेशुफच्या तंत्रविद्यापीठात विमान अभियांत्रिकी होतीच, पण कारखाना इंजिनिअरवर चालतो तितकाच सेटरवर चालतो, हे त्यांनी ओळखलं.

आपल्या आयटीआयची मुलं काय शिकतात आणि शॉपमध्ये काय लागतं, यातलं अंतर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ओझरमधून आणि तिथल्या जुन्या व्हेंडरांकडून (पुरवठादारांकडून) दरवर्षी फिटर, टूलमेकर, इन्स्पेक्टर निवृत्त होतात. त्यांच्या हातात असलेलं ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. निवृत्तीनंतर तो माणूस घरी बसतो, शेती बघतो, नाहीतर पोराच्या दुकानात बसतो. त्याला मानधन देऊन आठवड्यातले तीन दिवस आयटीआयमध्ये आणा. एक मोठी ऑर्डर संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या काळात व्हेंडरचे कुशल कामगार पांगतात, आणि एकदा पांगले की परत येत नाहीत. त्या काळात त्यांना प्रशिक्षक म्हणून किंवा नव्या प्रमाणपत्राच्या कामावर धरून ठेवण्यासाठी राज्याने पगाराचा वाटा उचलावा. शेडच्या खर्चापुढे ही रक्कम फार नाही.

जिथे कारागीर टिकवले नाहीत तिथे काय झालं, तेही याच देशात दिसतं. वूच हे पोलंडमधलं कापडाचं शहर. सोव्हिएत बाजार गेला तशा गिरण्या बंद पडल्या आणि बाया हजारोंनी घरी बसल्या. १९९८ मध्ये खाणकामगारांना सरकारने नोकरी सोडण्याबद्दल मोठी रक्कम दिली, कारण त्यांच्या संघटना तगड्या होत्या. गिरणीतल्या बायांसाठी तसं कुणी भांडलं नाही. वाउब्झिखमध्ये कोळशाच्या खाणी बंद झाल्यावर जुने खाणकामगार जंगलात बेकायदा खड्डे खणून कोळसा काढू लागले आणि त्यात काही जण गाडले गेले. त्याच गावात १९९७ मध्ये विशेष क्षेत्र झालं, पुढे टोयोटाचा कारखाना आला आणि आकडे सुधारले. पण पंचेचाळिशीतल्या खाणकामगाराला टोयोटा घेत नव्हती.

आणि एकाच बड्या पाहुण्यावर विसंबलं तर काय होतं, ते रोमानियाने अनुभवलं. नोकियाने जर्मनीतला बोखुमचा कारखाना बंद करून २००८ मध्ये क्लुजजवळच्या जुकू गावात नवा काढला. सरकारी खर्चाने रस्ते, पाणी, वीज सगळं दिलं. २०११ च्या अखेरीस नोकिया उठून आशियात गेली आणि दोन हजारांहून अधिक लोकांची नोकरी गेली. स्थानिक पुरवठादार उभे राहायला वेळच मिळाला नव्हता. पुढे त्या जागेत दुसऱ्या कंपन्या आल्या, कारण क्लुजमध्ये शिकलेली माणसं होती.

पोलंडचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. इतका गाजावाजा होऊनही आमच्या पोदकार्पात्स्के प्रांताचं दरडोई उत्पन्न आजही देशाच्या सरासरीच्या सुमारे सत्तर टक्केच आहे. झेशुफ चकाचक झालं, पण दक्षिणेकडच्या डोंगराळ तालुक्यांत बेकारी देशातल्या सर्वांत जास्त आकड्यांपैकी असते. मोठे निर्णय अमेरिकेत आणि जर्मनीत होतात. इथे भाग बनतो, पण त्याचं डिझाइन क्वचितच बनतं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा ऑर्डरी थांबल्या, आणि सगळा संसार एकाच धंद्यावर असल्याची किंमत सगळ्यात आधी लहान शॉपनी मोजली. आणखी एक. युरोपचा पैसा वाहू लागल्यावर पोलंडभर क्लस्टर नावाच्या संस्था निघाल्या. लोगो, वेबसाइट, परिषदा झाल्या. अनुदान थांबल्यावर त्यातल्या कित्येक दिसेनाशा झाल्या. म्हणून २०१५ पासून सरकारने मोजक्या क्लस्टरांना राष्ट्रीय दर्जा द्यायला सुरुवात केली, तोही ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा परीक्षा. हे आपण जसंच्या तसं उचलावं.

२०१८ मध्ये पोलंडने विशेष क्षेत्रांच्या सीमा काढून टाकल्या आणि सवलत देशभर लागू केली. मात्र जिथे बेकारी जास्त तिथे गुंतवणुकीची अट कमी, आणि लहान उद्योगाला अट आणखी सैल. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो, कारण नाशिक जिल्हा म्हणजे फक्त सातपूर, अंबड आणि सिन्नर नाही. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतली मुलं हंगामाला द्राक्षबागांत मजुरीला येतात. मालेगावात यंत्रमागाचा धंदा आहे, त्याची दुखणी वूचच्या गिरण्यांसारखीच आहेत, आणि तिथले कारागीरही पिढीजात आहेत. एरोस्पेसच्या नावाने येणारा सगळा पैसा नाशिक शहराच्या वीस किलोमीटरमध्ये जिरणार असेल, तर त्याला प्रादेशिक विकास म्हणू नका. मालेगावच्या मागांसाठी रंगाई आणि सांडपाण्याची सामायिक सोय, सुरगाण्याच्या आयटीआयमध्ये खरं मशीन आणि सातपूरला राहण्याची सोय असलेली शिकाऊ उमेदवारी, हे याच योजनेत घाला.

आता एचएएलबद्दल. इथे पोलंडमध्ये खरेदीदाराने पुढाकार घेतला म्हणून लहान शॉप उभे राहिले. ओझरचा कारखाना तुमच्या बैठकीत पाहुणा म्हणून हार घ्यायला येणार असेल तर काही होणार नाही. पुढच्या पाच वर्षांत कोणते भाग, किती नग, कोणत्या प्रमाणपत्रासह बाहेरून घेणार, हे त्याने लिहून द्यावं आणि तेवढंच लिखित पेमेंटचं वेळापत्रक द्यावं. त्या कागदावर बँक शॉपवाल्याला मशीनचं कर्ज देईल. आणि संघटनेने सामंजस्य करार मोजणं थांबवून एकच आकडा दरवर्षी जाहीर करावा: ओझरखेरीज दुसरं विमान-गिऱ्हाईक मिळालेले व्हेंडर किती. म्येलेत्सची अकरा हजार विमानं एका गिऱ्हाइकासाठी बनली होती, आणि ते गिऱ्हाईक एका वर्षात गेलं.

बाहेर जाणाऱ्या प्रक्रियांची यादी तयार झाली की मला पाठवा. इथल्या कोणत्या शॉपने ती अडचण कशी सोडवली, कोणतं प्रमाणपत्र आधी घेतलं आणि कशात पैसे वाया घालवले, हे मी त्यांना विचारून मराठीत लिहून देईन. तुमच्यापैकी कुणी येणार असाल तर अधिकाऱ्यांबरोबर दोन शॉपवाले आणि आयटीआयचे एक शिक्षक आणा. राहण्याजेवण्याची व्यवस्था आम्ही इथली मराठी मंडळी करू, आणि रिंग बनवणाऱ्या त्या सेटरच्या शॉपमध्ये पूर्ण दिवस घालवता येईल, एवढं मी त्याच्याशी बोलून ठेवलंय.

कळावे,
आपला नम्र,
झेशुफमध्ये काम करणारा एक नाशिककर